पारण्यापर्यंत थांबलेली दाढ

माझी दाढ पौषात दुखायला लागली आणि मी तिला बजावलं, अखात्रीजेपर्यंत गप्प बस. दाढेला कुणी असं सांगतं का? मी सांगितलं. सगळं पालनपूर मला हट्टी म्हणतं ते उगाच नाही.

आम्हा जैनांचं वर्षीतप चालू होतं माझं. एक दिवस कडक उपास, उकळलेल्या पाण्यावर, तेही सूर्य मावळेपर्यंतच. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण, की तिसऱ्या दिवशी पुन्हा उपास. असे तेरा महिने. मध्ये एक दिवस चुकला की सगळं मुसळ केरात. शेवटी अखात्रीजेला, म्हणजे अक्षय तृतीयेला, उसाच्या रसानं पारणं, आणि तो रस माझा मुलगा पाजणार होता. हितेन अँटवर्पला असतो, हिऱ्यांच्या धंद्यात. त्याचे बापूजी गेले तेव्हा आला होता, त्याला आठ वर्षं झाली. कधी धंदा मंदा, कधी पोरांच्या परीक्षा. कारणाला काय तोटा! तप घेतलंय म्हणून फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाला, "बा, पारणं माझ्याच हातून हं. तिकीट काढतो." त्या दिवसापासून मी उपास देवासाठी करत होते की त्या तिकिटासाठी, ते देवालाच ठाऊक. डोक्यात एकच बसलं होतं. तप मोडलं तर तो कशाला येईल?

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर अल्पाचा दवाखाना आहे. तिनं दाढेचा फोटो काढला. "काकी, कीड पार आतल्या नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनाल करावं लागेल. दोन-तीनदा यावं लागेल, आणि गोळ्या पाच दिवस, सकाळ, दुपार, रात्र."

"रात्री मी पाणीसुद्धा घेत नाही."

"मग जेवणाच्या दिवशी या. गोळ्यांचं मी बसवते काहीतरी. साध्वी महाराजसाहेबांना विचारा की, आजारपणात त्या सूट देतात."

तेच तर नको होतं मला. साध्वीजींना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आधी देह सांभाळा, तप पुढच्या वर्षी. मी विचारलंच नाही. अल्पाला म्हटलं, "अखात्रीजेनंतर बघू."

"तोवर दाढ थांबणार नाही, काकी."

"न थांबून जाते कुठे?"

माघ कसा काढला ते माझं मला माहीत. कळ कानात जायची, डोक्यात जायची. घरात "काय होतंय ग" म्हणायला कुणी नाही. दुपारी शेजारची तरुलता यायची, "वीरमतीबेन, शातेत ना?" विचारायची. सुखात ना, असं तपस्वीला विचारायचं असतं आणि तपस्वीनं हसून "देवगुरूंची कृपा" म्हणायचं असतं. ती गेली की मी भिंतीला कानशील लावून बसायचे.

आणि फाल्गुनात एका सकाळी कळ गेली. अशी गेली की मीच दोनदा जीभ फिरवून पाहिली. काही नाही! मी तरुलताच्या गळ्यात पडून रडले. म्हटलं, तपानं दाढ बरी केली. तिला काय, तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. बायका पाया पडायला यायला लागल्या, कुणी गुडघे दाखवतंय, कुणी सुनेची पत्रिका. खरं सांगते, बरं वाटत होतं. इतकी माणसं घरात कित्येक वर्षांत आली नव्हती.

अल्पाही आली, पण पाया पडायला नाही. दारातच म्हणाली, "काकी, दुखायचं थांबलं म्हणजे दाढ बरी नाही झाली. आतली नस मेली. आता मुळाशी पू साठेल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

"तुला माझं तप बघवत नाही का ग?"

बायकांसमोर बोलले मी तिला, कालची पोर म्हणाले. आज लाज वाटते.

चैत्रात हिरडीवर पुटकुळी आली. तोंडाला कडू चव, घाण वास. मी कुणाशी बोलताना पदर तोंडाशी धरायला लागले. पारण्याच्या दोन दिवस आधी जबड्याखाली सूज आली, लाकडासारखी कडक. अल्पाचा दवाखाना चाळीस पावलांवर. नाही गेले. म्हटलं, आता दोनच दिवस.

हितेन आदल्या दिवशी दुपारी पोचला. केस पिकलेत त्याचे. कुणी सांगितलंच नव्हतं मला. पाया पडला आणि म्हणाला, "बा, किती वाळलीस! थोडा पडतो, मग खूप बोलू." तो झोपला तो झोपलाच. मी त्याच्या उशाशी बसून राहिले. किती सांगायचं होतं! आठ वर्षांचं होतं. उठवलं नाही. उद्या बोलू म्हटलं.

सकाळी तोंड बोटभरच उघडलं. साध्वीजी उतरतात त्या उपाश्रयात वाजतगाजत नेलं. हितेननं चांदीच्या वाटीनं रस ओठांशी धरला. गिळता येईना. रस हनुवटीवरून साडीवर सांडला, बायका "जय आदिनाथ" म्हणत होत्या, आणि माझा श्वास अडकला.

शुद्धीवर आले ती अहमदाबादच्या इस्पितळात. गळ्यात नळी, जबड्याखाली चीर. दाढेचा पू मानेत उतरला होता. अजून तासभर गेला असता तर संपलं होतं, असं डॉक्टर हितेनला सांगत होते. दोन दिवस तो हात धरून बसला. फोन आला की बाहेर जायचा, परत येऊन हात धरायचा. मला एक शब्द बोलता येत नव्हता. वही दिली, पण चष्मा घरी राहिलेला.

अँटवर्पला परत निघताना म्हणाला, "पौषातच सांगायचं ना ग, बा. दुखतंय, ये, एवढं म्हटलं असतंस तरी आलो असतो. तपच कशाला लागतं मला यायला?"

तो गेला आणि चार दिवसांनी नळी काढून मला पालनपूरला घरी सोडलं. तरुलता धावत सांगायला आली की महाराजसाहेबांनी माझं तप पूर्ण धरलं. धरलं तर धरलं. मी आधी फोन मागितला.

"बा! बोलायला लागलीस! आता कसं वाटतंय?"

खरं तर काही दुखत नव्हतं. तरी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "दुखतंय रे. फार दुखतंय. ये."

पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारली.

"मग अल्पाबेनला दाखवून ये ना लगेच. या वेळी उशीर करू नकोस हं, बा."

"दाखवते," मी म्हटलं.