बालवाडीच्या अंगणासाठी माती

सकाळी आठला चेतनाने नेहमीसारखा ढिगात हात खुपसला आणि तिचा चेहराच पडला. कुजणारा ढीग आतून गरम लागतो, हा गार होता. हाताला काळ्या तेलाचा वास येत होता.

घाटकोपरच्या नाल्यातून उपसलेला तो गाळ सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत टाकला होता. गॅरेजांनी वर्षानुवर्षं सोडलेलं तेल त्यात मुरलेलं. ओला कचरा, सुकी पानं, शेण मिसळून सहा महिने कुजवला की तेलाचं विष मरतं, असं शिकवून सोसायटीने भिंतीपलीकडच्या बौद्ध वस्तीतल्या चेतनाला कामावर घेतलं होतं. पण तीन महिन्यांतच वासाने सोसायटीतले लोक वैतागले आणि त्यांनी घरोघरचा ओला कचरा देणं बंद केलं.

सेक्रेटरी नंदकिशोरकाका खुशीत आले. "गार झालाय ना गं? मग झालं खत! टेम्पो बोलावलाय. तुमच्या वस्तीतल्या बालवाडीच्या अंगणात टाकू, मुलं भाज्या लावतील."

चेतनाची चार वर्षांची मुलगी दिशा त्याच अंगणात खेळायची, माती तोंडातही घालायची.

"काका, कुजून नाही गार झालाय. तुम्ही कचरा देईनात म्हणून गार पडलाय. त्यात मेथी पेरून बघितली, कोंब जळले हो! कचरा द्या, अजून तीन महिने द्या. पाया पडते तुमच्या."

"अजून तीन महिने हा वास? जमणार नाही."

"मग तुमच्या बागेत टाका."

"इथे लहान मुलं खेळतात!" काका बोलून गेले. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या लोकांना सवय असते गं."

शिकलेला माणूस हो! शिवी दिली नाही, जात काढली नाही. विष कुणाच्या दारात टाकायचं, हे मात्र त्याला सांगावं लागलं नाही.

टेम्पो आला तो चेतनाच्या दिराचा, शिवदासचा. "वहिनी, येडी झालीस काय? फुकटची माती मिळतेय!"

"भाऊजी, आधी वास घ्या."

शिवदासने मूठभर उचलून हुंगली आणि तोंड फिरवलं. "पण नोकरी जाईल ना तुझी."

चेतना टेम्पोच्या चाकापुढे जाऊन बसली.

"उद्यापासून येऊ नकोस!" काका कडाडले.

"नाही येत. पण आज इथून उठणार नाही." ती हमसून हमसून रडत होती. "सवय आम्हाला नव्हती, काका. तुम्ही लावलीत. माझ्या दिशाला मी ती लागू देणार नाही."

शिवदासने इंजिन बंद केलं. सोसायटीच्या खिडक्यांत माणसं जमली, मोबाइल निघाले. दुपार झाली तरी ती बसूनच होती.

कुणीही खाली आलं नाही. ढीग पुन्हा तापायला घरातली ओल्या कचऱ्याची बादली घेऊन उतरायचं होतं, बास, इतकंच.