नकाशावरचे अकरा, आठ आणि सहा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. साधासुधा नव्हे. एक अख्खे राज्य मी अंगावर पेलतो. नद्या, वाळूच्या टेकड्या, त्र्याण्णव जिल्हे, रेल्वेचे रूळ, सारे माझ्यात सामावले आहे. ज्याला अमेरिकेतले नेब्रास्का पाहायचे असेल त्याने माझ्याकडे यावे. येताना मात्र बूट बाहेर काढावे लागतात, आणि त्याआधी कोणालातरी बास्केटबॉलच्या मैदानावरून साठ खुर्च्या हलवाव्या लागतात.

कारण मी भिंतीवरचा नकाशा नाही, जमिनीवर अंथरायचा आहे. माझी लांबी छत्तीस फूट. साध्या चालीने माझ्यावर चालले तर एका पावलात तीस मैल मागे पडतात. लहान मुलांना याचे फार अप्रूप वाटते. मोठ्यांनाही वाटते, पण ते आधी इकडेतिकडे बघून घेतात.

माझा जन्म जाहिरातींचे फलक छापणाऱ्या दुकानात झाला. त्या दिवशी यंत्रातून माझ्या आधी एका ट्रॅक्टरविक्रेत्याचा फलक निघाला आणि माझ्यानंतर एका दंतवैद्याचा हसरा चेहरा. कापड एकच, शाई एकच. ते दोघे हमरस्त्यावर उंच चढले. मी एका चाकांच्या पिशवीत गेलो आणि एका छोट्या कॉलेजच्या व्यायामशाळेत उतरलो. तिथे दर जुलैमध्ये दोन आठवडे भूगोलाच्या शिक्षकांचे उन्हाळी शिबिर भरते. शिक्षकांनाही सुट्टीत शाळेत बसवतात, ही गोष्ट मुलांना सहसा कोणी सांगत नाही. सांगितली तर मुलांना फार बरे वाटेल.

शिबिर चालवतात आर्लीन व्होझाब. बाईंनी स्वतः एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि निवृत्तीनंतर इतरांना तो कसा शिकवायचा हे शिकवू लागल्या. त्यांची शिस्त कडक. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मोज्यांनी माझ्यावर यायचे, आपापल्या गावावर उभे राहायचे आणि तिथून ओळख करून द्यायची. त्यामुळे मी माणसांना मोज्यांवरून ओळखतो. नवे पांढरे मोजे म्हणजे पहिल्या वर्षाचे शिक्षक. वेगवेगळ्या रंगाचे म्हणजे घरात लहान मूल. अंगठ्याला भोक म्हणजे अनुभव.

बाईंचा दुसरा नियम दारावर लिहिलेला असे: नकाशावर पेन, पेन्सिल, मार्कर काहीही चालणार नाही. खूण करायची तर रंगीत दोरा ठेवा. जो शाईने लिहील त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही.

सुरुवातीची वर्षे माझ्या कौतुकाची होती. शिबिराला छत्तीस-छत्तीस शिक्षक यायचे. शरद ऋतूत शाळा मला आळीपाळीने मागवायच्या. एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला. त्यात मी कमी आणि शाळांचे अधीक्षक जास्त दिसत होते, तरी खाली नाव माझेच होते. मग शाळांमध्ये पडदे आले, हातात मावणाऱ्या पाट्या आल्या. त्यांच्यावरचा नकाशा बोटाने लहानमोठा होतो आणि त्यासाठी बूट काढावे लागत नाहीत. माझी मागणी घटली. वर्षातले पन्नास आठवडे मी रंगमंचाखाली, अडथळ्यांच्या शर्यतीच्या मोडक्या सामानाशेजारी काढू लागलो. शिबिराला येणारे छत्तीसचे अकरा झाले.

त्या अकरांपैकी एक होते कोच टिमरमन.

ड्वेन टिमरमन पायपर सेंटर नावाच्या गावात सव्वीस वर्षे अमेरिकन फुटबॉलचे, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायच्या खेळाचे, कोच होते. वय त्रेपन्न, गळ्यात शिट्टी, ती जेवतानाही निघत नसे. त्यांच्या शाळेतल्या भूगोलाच्या बाई मे महिन्यात निवृत्त झाल्या. मुख्याध्यापकांनी कोचना बोलावले आणि म्हणाले, "ड्वेन, भूगोल तू घे. नाहीतरी बस चालवून सगळं राज्य पाहिलंयस." नकार देण्याची सोय नव्हती. छोट्या शाळेत नुसत्या कोचला ठेवत नाहीत. त्याला वर्गावरचे तासही घ्यावे लागतात. ऑगस्टपूर्वी भूगोलाचे प्रमाणपत्र आणले तर नोकरी, नाहीतर संघ दुसऱ्याच्या हाती. तेव्हा कोच आले. कपाळावर आठ्या घेऊनच आले.

पहिल्याच दिवशी ते पायपर सेंटरवर उभे राहिले आणि म्हणाले, "मी टिमरमन. मला नोकरी टिकवायचीय." आणि खाली बसले. बाईंनी वहीत काहीतरी टिपले.

माझ्या पूर्वेच्या टोकाला, ओमाहा शहरावर, उभी होती मारिसोल एस्पिनोझा, तिथल्या शाळेत शिकवणारी, नोकरीच्या दुसऱ्याच वर्षाची. पहिल्या जेवणाच्या सुट्टीपासून दोघांची जुंपली.

"कोच, तुमच्या गावात सिग्नल आहे का हो?"

"होता. एकच होता. कोणी थांबेना म्हणून काढून टाकला. तुमच्या ओमाहात म्हणे माणसं पार्किंग शोधता शोधता म्हातारी होतात?"

"होतात. पण त्यांच्या गळ्यात शिट्टी नसते."

शिबिराची भाषा कोचना झेपेना. भिंतीवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर मोठमोठे शब्द होते. तिसऱ्या दिवशी बाई 'अवकाशीय विचारप्रक्रिया' समजावत होत्या, तेव्हा कोचनी हात वर केला.

"म्हणजे कुठे काय आहे आणि तिथेच का आहे, तेच ना?"

"तेच," बाई म्हणाल्या.

"मग तसंच म्हणा की, बाई. माझी पोरं एवढ्या शब्दात झोपून उठतील."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठीवर नवा मजकूर होता: 'कुठे काय आणि तिथेच का'.

पण परीक्षा वेगळी होती. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने माझ्यावर उभे राहून वीस मिनिटांचा पाठ घ्यायचा आणि बाईंनी छापील कागदावर गुण द्यायचे. कोचनी दहा दिवसांत तीन पाठ तयार केले आणि तिन्ही फाडले. प्लॅट नदीच्या पात्रातली वाळू मोजायला सगळे गेले होते, तेव्हा परतताना बसमध्ये ते मारिसोलला जे म्हणाले ते नंतर तिनेच सगळ्यांना सांगितले. म्हणाले, "वाळूचा कण किती मिलिमीटरचा, हे मी कुठल्या तोंडाने शिकवू? मला फुटबॉलशिवाय काही येत नाही गं."

"मग फुटबॉल शिकवा," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं कुठे कुठे खेळायला गेलात, तेवढंच सांगा. रस्ते तरी कळतील आम्हाला."

शेवटचा दिवस उजाडला. कोच माझ्यावर आले. आधी आपले गाव शोधले. मग गुडघ्यावर बसले.

"हे पायपर सेंटर," ते म्हणाले. "मी आलो तेव्हा आमचा संघ अकराचा होता. पूर्ण संघ अकराचाच असतो." आणि बोलता बोलता त्यांनी खिशातून मार्कर काढून पायपर सेंटरवर ठळक अकरा लिहिला.

मित्रांनो, कोच लोकांना लिहिल्याशिवाय बोलता येत नाही. त्यांच्या खिशात कायम एक मार्कर असतो आणि तो पुसला न जाणारा असतो, कारण त्याने ते हेल्मेटवर पोरांची नावे घालतात. घाम आणि पाऊस लागूनही ती हंगामभर टिकतात. मी ती शाई ओळखली. पण मला ओरडता येत नाही. आणि बाई कागदावर मान घालून लिहीत होत्या.

"मग पोरं कमी झाली. अकरा जमेनात. लहान शाळांसाठी आठांचा आणि सहांचा वेगळा खेळ असतो. नवव्या वर्षी आम्ही आठांच्या संघात गेलो." अकरावर काट, शेजारी आठ. "सतराव्या वर्षी सहांच्या." आठावर काट. "आता शेजारच्या डोर्नबरोबर मिळून एक संघ आहे. सरावाला आमची पोरं एकवीस मैल जातात." त्यांनी पायपर सेंटरपासून डोर्नपर्यंत रेघ ओढली.

मग ते गुडघ्यांवर सरकत माझ्या उत्तरेकडच्या टेकड्यांमध्ये शिरले. एकेक गाव. इथे वारा असा की उलटा चेंडू अंगावर येतो. इथल्या पोरांच्या आया सामन्यानंतर आमच्याही पोरांना खिमा-राजम्याची गरम चिली आणि दालचिनीचे रोल वाढायच्या. इथली शाळाच बंद झाली; मैदानावर आता मका आहे, गोलपोस्ट अजून उभे आहेत. अकरा, आठ, सहा, रेघ. अकरा, सहा, रेघ. खोलीत फक्त मार्करची करकर.

बाईंनी मान वर केली. त्यांनी मार्कर पाहिला. त्यांच्या हातातले पेन थांबले. पण त्या जे बोलल्या ते मार्करबद्दल नव्हते.

"कोच, दक्षिणेला नदीकाठची गावं अजून अकरावरच कशी?"

कोच टाचांवर बसले. नदीकाठच्या गावांवरून बोट फिरवले.

"हमरस्ता तिथून जातो. पाणी आहे. आणि या दोन गावांत मांसाचे कारखाने आहेत. कामाला बाहेरून कुटुंबं आली, त्यांची पोरं आली. निम्मी पोरं दुसराच फुटबॉल खेळतात, पायानं खेळायचा तो. पण आली."

"माझे बाबा त्यातल्या एका कारखान्यात होते," मारिसोल म्हणाली. "मी तिथल्याच शाळेत शिकले."

"आम्ही तुमच्याकडून बेचाळीस शून्यने हरलो होतो," कोच म्हणाले. मग पुन्हा आकड्यांकडे बघून म्हणाले, "सव्वीस वर्षं मी याला लीग म्हणत होतो. हा भूगोल आहे हे मला कोणी सांगितलं नाही."

टाळ्या वाजल्या. त्या विरल्यावर बाईंनी शांतपणे ओले फडके कोचच्या हाती दिले. कोचनी पायपर सेंटर पुसले. निघेना. जोर लावला. निघेना. तेव्हा त्यांनी मार्कर उलटा करून त्यावरचे 'न पुसणारा' हे शब्द वाचले आणि त्यांचा चेहरा माझ्या पश्चिमेकडच्या कुरणासारखा ओसाड झाला. मग अकराही शिक्षक गुडघ्यांवर बसून मला घासू लागले. कोणी हात धुण्याचे जेल आणले, कोणी नखांचा रंग काढायचे औषध. त्या औषधाने सहाचा आकडा तसाच राहिला आणि त्याच्या शेजारचा एक अख्खा जिल्हा निघून गेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "उरलेलं राज्य राहू द्या."

कोच उभे राहिले. "नियम दारावर आहे, बाई. वाचला होता मी. नापास करा. मी पोरांनासुद्धा हेच सांगतो, चूक झाली की पंचाशी वाद नाही घालायचा."

बाईंनी चष्मा नीट केला, छापील कागद हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. "प्रश्न चौथा. सहभागीने नकाशावर स्वतःची नवी माहिती मांडली का? मांडली नाही, थोडी मांडली, पूर्णपणे मांडली." त्यांनी शेवटच्या चौकोनात खूण केली. "प्रश्न पाचवा. ती माहिती वर्गाच्या लक्षात राहील का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. "राहील. दुसरा इलाजच नाही."

"आणि दारावरचा नियम?"

"तो मी केला होता. नियम करणाऱ्याला तो एकदा तरी न पाळण्याची मुभा असावी. प्रमाणपत्र मिळाल्याची सही कुठे करायची ते तुम्हाला ठाऊक आहे. पेनानं करा, त्या मार्करनं नको."

खरे सांगायचे तर मला तेव्हा दुखले. वीस वर्षे मी स्वच्छ राहिलो होतो. पण त्या शरद ऋतूत एका शाळेने मला मागवले, मग दुसरीने, मग सहा शाळांनी. मुले आली आणि हमरस्ता, नद्या ओलांडून थेट त्या काळ्या आकड्यांवर जाऊन उभी राहिली. "सर, इथे सहा का लिहिलंय?" हा प्रश्न मला वीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. कोरा होतो तेव्हा मुले माझ्यावर नुसती घसरगुंडी खेळायची.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही एखादा नकाशा गुंडाळून पडला असेल. त्याला बाहेर काढा. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, त्याला चुण्या पडू देऊ नका. त्याच्यावर आपले गाव शोधा, आणि ते तिथेच का आहे हे कोणाला तरी विचारा. विचारणारे असले की नकाशे पुष्कळ वर्षे जगतात. शिक्षकांचेही तसेच आहे.

कोच टिमरमन प्रमाणपत्र घेऊन गावी गेले. त्याच आठवड्यात त्यांच्या शाळेने वेळापत्रकातून भूगोलाचा तास काढून टाकला आणि त्यांना आरोग्यशिक्षण दिले. त्यासाठी वेगळे प्रमाणपत्र लागते.