राजाला कुणी सांगायचं?

नीलाच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, हे आखातातल्या मनामा शहरात, झिंज भागातल्या त्या पाचमजली इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. शैलेंद्रने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, वाढदिवसाला काय आणलंय ते आधी शेजाऱ्यांना कळायचं आणि मग तिला. आणि अशा बाईच्या पदरात खालच्या मजल्यावरच्या महमुदाने भर दुपारी सव्वादोनला हे गुपित टाकावं! दुसरं कुणी मिळालं नाही का हिला, असं क्षणभर नीलाच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

"नीलाताई, अल्फियाचे दादा, माझे सासरे गेले," महमुदा फोनवर कुजबुजली. "हर्णैवरून दिराचा फोन आला. नमाज पढले, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खलास."

"अगं बाई!"

"मोठ्याने बोलू नका. ती आंघोळीला गेलीय. तीनला तुमच्याकडे शिकवणीला येईल. तिला काही सांगायचं नाही. उद्या नऊला हिस्ट्रीचा शेवटचा पेपर. मी आणि सिराज संध्याकाळच्या फ्लाइटने निघतोय. मुलगा पोचेपर्यंत मयत थांबवलीय, उद्या सकाळी दहाला माती. पोरगी पेपर देऊन येऊ दे, मग तुम्हीच सांगा. तुमचं ऐकते ती."

"आणि दादांचं तोंड बघायचं राहिलं तर तिचं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग महमुदा म्हणाली, "सिराज म्हणतात, दादांचीच इच्छा होती पोरीने शिकावं. वर्ष फुकट जाईल, ताई. तुम्ही मास्तरीण आहात. तुम्हाला कळतं."

नीला मास्तरीण होती खरी. मनामातल्या एका शाळेत बारा वर्षं इतिहास शिकवत होती, आणि दुपारी घरी दोन-चार मुलांच्या शिकवण्या. पण कळतं म्हणजे काय, ते त्या दुपारी तिला कळेना. अल्फिया आठ वर्षांची होईपर्यंत हर्णैला दादांच्या मांडीवरच वाढली होती. आईबाप इथे, ती तिथे. दादांनीच तिला कुराण शिकवलं, दादांनीच मासे साफ करायला शिकवलं, दादांच्याच खांद्यावर बसून तिने समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला. बाकीच्या पोरी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतात. ही अजून "मिस, माका" म्हणायला लागते आणि जीभ चावते. अशा पोरीपासून हे लपवायचं. इकडे आड, तिकडे विहीर!

आणि नीलाला हे सगळं आधीच घडून गेल्यासारखं वाटत होतं, कारण ते घडून गेलं होतंच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मिरजेला तिचे वडील गेले, तेव्हा पुण्यात काकांनी तिला पेपर होईपर्यंत कळू दिलं नव्हतं. पेपर सुटल्यावर कॉलेजच्या दारात काका उभे, हातात उसाच्या रसाचा ग्लास. "आधी रस पी," म्हणाले. तिने तो सगळा प्यायला. त्या पेपरात तिला एकाहत्तर मार्क पडले. ते मार्क तिने आजवर कुणाला सांगितलेले नाहीत, शैलेंद्रलासुद्धा नाही.

तीनला अल्फिया वर आली. ओले केस, हातात फाइल, तोंडात चिक्की. नीलाने दारातच तिचा फोन काढून घेतला.

"मिस, सीरियसली?"

"सीरियसली. पेपर होईपर्यंत फोन माझ्या ताब्यात." आणि तिने तो स्वयंपाकघरात डाव-झाऱ्यांच्या खणात टाकला. चुलत भावंडं गप्प बसणार थोडीच! पाच मिनिटांत खण घरघरायला लागला. स्टीलच्या झाऱ्यावर फोन थरथरला की बाहेरच्या टेबलापर्यंत आवाज यायचा. तिने वर दोन पंचे कोंबले.

अल्फियाच्या ब्रिटिश बोर्डाच्या पेपरात दरवर्षी राजाचा एक किल्ला नेमलेला असतो. यंदा फालेझ होता, नॉर्मन राजांचा, फ्रान्समधला. त्याच्यावर सोळा मार्कांचा मोठा प्रश्न. अल्फियाने आधी नकाशा काढला. खडक झकास, तट झकास, मधला चौकोनी बालेकिल्ला झकास, आणि दरवाजा मात्र अगदी खाली, पाण्याला टेकलेला.

"हे काय? फालेझला समुद्र कुठाय?"

अल्फिया हसत सुटली. "सॉरी. मी सुवर्णदुर्गाचा दरवाजा काढला. दादा म्हणतात, किल्ल्याचा दरवाजा असा हवा की होडीतून उतरलं की थेट आत. मी किल्ला काढायला घेतला की हात आपोआप तसाच जातो."

"इथे दरवाजा वरच्या मजल्यावर," नीला म्हणाली. आपला आवाज धड येतोय का, याकडे तिचं निम्मं लक्ष होतं. "बाहेरून जिना. शत्रू आला की जिना तोडायचा. पुसून काढ. आणि सांग, या किल्ल्यात कोण कोण झालं?"

अल्फिया घडाघडा सांगायला लागली. इथेच विल्यम जन्मला, ज्याने पुढे इंग्लंड जिंकलं. आई साध्या घरातली, लग्नाची बायको नव्हे, म्हणून लोक त्याला जन्मभर टोचून बोलायचे. मग त्याचे मुलगे एकमेकांच्या उरावर बसले. धाकट्या हेन्रीने थोरल्या रॉबर्टला लढाईत पकडलं आणि आधी याच किल्ल्यात आणून ठेवलं. सख्खा भाऊ, मिस! मेला तो कैदेतच.

"बालेकिल्ला कुणी बांधला?"

"त्याच हेन्रीने. अकराशे तेवीसच्या आसपास. म्हणजे मुलगा बुडाल्यावर तीन वर्षांनी."

इथे यायला नको होतं, असं नीलाला झालं. पण सोळा मार्कांचा प्रश्न तिथूनच जातो, टाळणार कसं? हेन्री राजाचा एकुलता एक औरस मुलगा व्हाइट शिप नावाच्या जहाजावर चढला, सगळे प्यायलेले, जहाज खडकावर आपटलं आणि तो बुडाला. राजा दुसऱ्या जहाजाने पुढे इंग्लंडला पोचलेला. दरबारात बातमी आली आणि एकाही सरदाराची सांगायची छाती होईना. राजा विचारतोय, पोरगा कुठाय, आणि हे कोपऱ्यात जाऊन डोळे पुसतायत.

"किती वेळ लपवलं?" अल्फियाने विचारलं.

"दिवसभर तरी. शेवटी एका लहान मुलाला पुढे ढकललं. तो राजाच्या पाया पडून रडला आणि त्याने सांगितलं. राजा जागीच कोसळला. पुन्हा कधी हसला नाही म्हणतात."

"लहान मुलाला ढकललं? मोठे सगळे उभे राहून?" अल्फियाने चिक्कीचा कागद चुरगाळला. "चीप आहे हे, मिस."

साडेचारला बेल वाजली. दारात महमुदा, काळा अबाया, डोळ्यांत सुरमा नाही. मागे जिन्यात सिराजभाई बॅग घेऊन उभे, भिंतीकडे तोंड करून.

"बाय माझी, आम्ही जरा गावी जाऊन येतो. दादांना थोडं बरं नाही. दवाखान्यात ठेवलंय."

अल्फिया ताडकन उठली. "काय झालं? मीपण येते."

"पेपर कोण देईल तुझा? मी? दोन दिवसांत येतो की आम्ही."

"बरे होतील ना?"

"डॉक्टर आहेत ना तिथे. होतील." महमुदाने तिला छातीशी धरलं ते सोडेचना. तिच्या खांद्यावरून ती नीलाकडे बघत होती, आणि त्या नजरेत असं काही आर्जव होतं की नीलाने मान खाली घातली. महमुदाच्या पर्समधून तिन्ही पासपोर्टांची चामडी थैली डोकावत होती. त्या घरात पासपोर्ट कायम एकत्रच असायचे, एकाचा काढायचा झाला तरी तिघांचे निघायचे. आत्ता सांगितलं तर पोरगी जाऊ शकते, असा विचार नीलाच्या डोक्यात आला, अगदी स्वच्छ. तिने तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हणाली काय, तर "जपून जा."

जपून जा! एरवी नको तिथे भडाभडा बोलणारी बाई!

लिफ्ट खाली गेली. अल्फिया परत टेबलाशी बसली, पण पेन उचललं नाही. खणातला फोन पंच्यांच्या खाली घरघरत होता.

"लिही," नीला म्हणाली. "राजाला बातमी का सांगितली नाही, यावर एक परिच्छेद."

अल्फियाने लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. नीला चहा टाकायला उठली, दूध उतू घालवलं, ओटा पुसला, परत आली, परत गेली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून तिने चार वेळा पाहिलं. पाच. सव्वापाच. एअरपोर्ट वीस मिनिटांवर. फ्लाइट सात दहाची, काउंटर सहाला बंद. आपला काय संबंध? दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची पोर, दुसऱ्याचं दुःख. शब्द दिलाय. उद्या पेपर बिघडला तर महमुदा तोंड बघेल का आपलं? खापर आपल्याच डोक्यावर फुटणार.

"झालं," अल्फिया म्हणाली आणि वाचायला लागली. इंग्रजीत लिहिलेलं ती मधेमधे मराठीत सांगत होती, तिची सवयच होती तशी. "दरबारी म्हणत होते, राजाला त्रास नको म्हणून आम्ही गप्प बसलो. पण राजाचा मुलगा बातमी लपवल्याने जिवंत होणार नव्हता. त्यामुळे या गप्प बसण्याने राजा वाचला नाही. फक्त सांगणारे वाचले." तिने मान वर केली. "चालेल, मिस?"

नीलाने मान हलवली.

"मिस, एक विचारू? अम्मी इंशाल्ला नाही म्हणाली."

"काय?"

"दूध तापेल का विचारलं तरी अम्मी इंशाल्ला म्हणते. आज दादा बरे होतील का विचारलं, तर डॉक्टर आहेत म्हणाली." पोरीने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "खोट्यात अल्लाचं नाव घ्यायची नाही ती. मिस, दादा आहेत ना?"

आता इथे कुठला शब्द आणि कुठलं वचन! नीला खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसली आणि तिचे दोन्ही हात धरले. "नाहीत गं बाळा. आज दुपारी गेले. काही त्रास झाला नाही त्यांना."

अल्फिया रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. सहाला पाच कमी.

"फ्लाइट कितीची?"

"सात दहा."

"माझा पासपोर्ट अम्मीकडे आहे."

"हो."

"माती कधी?"

"उद्या सकाळी दहाला."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच मेसेज आला म्हणायचं, की झालं. "सव्वादोनला," नीला म्हणाली.

अल्फियाने हात सोडवून घेतले. "म्हणजे अम्मी दारात उभी होती तेव्हा तुम्हाला माहीत होतं. मी जाऊ शकत होते तेव्हा." ती ओरडली नाही, हळूच बोलत होती, आणि नीलाला वाटलं, हिने आपल्याला एक ठेवून दिली असती तर सोसली असती. "मला पेपर नको होता, मिस. मला दादा बघायचे होते."

"चुकले मी. माझं चुकलं, अल्फिया. मी घाबरले."

तेवढ्यात नीलाचा फोन वाजला. स्क्रीनवर महमुदा. नीलाचा हात पुढे होईना. अल्फियानेच उचलला आणि स्पीकर लावला. मागे विमानतळाची गडबड, कुणाचं तरी लहान मूल किरकिरतंय.

"ताई, आत आलो आम्ही. पोरगी कशी आहे?"

"अम्मी, मीच आहे."

"अल्फू? अभ्यास झाला का गं?"

"झाला." अल्फियाने नीलाकडे पाहिलं. आता ही किंचाळणार, आईला खोटारडी म्हणणार, आणि तिकडे महमुदा चार लोकांत मटकन खाली बसणार, अशा भीतीने नीलाचा जीव टांगणीला लागला. "दादा कसे आहेत?"

"झोपलेत, बाय. शांत झोपलेत."

"बरं. उठवू नका त्यांना." पोरीने डोळे मिटले. आवाज अगदी सरळ होता. "अम्मी, पोचलीस की माझ्यासाठी एक कर. त्यांच्या कपाळाचा मुका घे. माझा म्हणून. घेशील?"

"घेईन."

"विसरू नकोस हां. बायका खूप जमल्या असतील, गर्दी असेल, तुला मागे ओढतील. तरी पुढे जा. चेहरा झाकायच्या आधी."

पलीकडे गडबड तशीच चालू होती. मग "माझी बाय, माझी बाय गं" एवढंच आलं, आणि त्या बाईचा हुंदका विमानतळाच्या गोंगाटातून वर आला.

"रडू नकोस, अम्मी," अल्फिया म्हणाली, आणि ते म्हणता म्हणता तिलाच रडू फुटलं. तिने फोन टेबलावर ठेवला, वहीवर डोकं टेकलं आणि दादा, दादा करत रडायला लागली. महमुदाने फोन बंद केला नाही, हिनेही केला नाही. विमानात बसायची घोषणा होईपर्यंत दोघी रडत राहिल्या, आणि नीला पोरीच्या केसांवर हात ठेवून उभी राहिली. अल्फियाने तो हात झटकला नाही.