सहावी ओळ

भाचीने पेन दोनदा झटकलं, कागदाच्या कोपऱ्यावर गिरगटून पाहिलं आणि संमतीपत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. बारा वाजेपर्यंत आत्याची सही झाली नाही, तर उद्याचं ऑपरेशन तीन आठवडे पुढे जाणार होतं. घशातली गाठ काही तोवर गप्प बसणार नव्हती.

"मला माहीत आहे," ती मराठीत सांगू लागली. "मला समजलं आहे. मला जाणीव आहे..."

"परत तेच?" पलंगावरून आत्या म्हणाली.

"तेच नाही गं! इंग्रजीत वेगवेगळं आहे. नो, अंडरस्टँड, अवेअर, रिअलाइज, अ‍ॅक्नॉलेज. एका पानात पाच!"

"बाई बाई! इतक्यांदा लिहून घेतायत म्हणजे कुणालाच काही कळलेलं नसणार."

भाची हसली नाही. दहा वर्षं असल्याच कागदांची भाषांतरं करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. पाच शब्दांना पाच शब्द हवेत म्हणून कागद परत यायचे. कळणं, समजणं, उमगणं, सगळं वापरून झालं होतं, आणि शेवटी माणूस न वाचताच सही करायचा. डोंबलाचं आकलन!

सहावी ओळ आली. नसेला धक्का लागून आवाज कायमचा जाऊ शकतो, याची मला कल्पना आहे. सकाळपासून ही ओळ तिने तीनदा मनात वाचली होती.

"आवाज थोडा बसेल," ती म्हणाली. "मग येईल."

आत्या म्हणजे तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजवर बसलेली बाई. अजूनही तिने फोन उचलला की पलीकडचा आपोआप नीट बोलायला लागायचा.

नर्स दारातून डोकावली. "आजी, कळलं ना सगळं? मग करून टाका सही. पाच मिनिटांत येते मी."

ती गेल्यावर आत्याने पेन घेतलं, सही केली. मग बोट बरोबर सहाव्या ओळीवर ठेवलं आणि ती ओळ इंग्रजीत, कुठेही न अडखळता, वाचून दाखवली.

भाचीने चमकून विचारलं, "तुला इंग्रजी कळतं?"

"तीस वर्षं साहेबलोकांचे ट्रंककॉल जोडले. कानावर सगळं पडायचं. पण आमचा नियमच होता, कळलं तरी कळलं असं दाखवायचं नाही."

"मग तासभर मला कशाला वाचायला लावलंस?" भाची उखडलीच. "मी आपली वेड्यासारखी..."

"डॉक्टरांनी गोल गोल सांगितलं. तुझ्या बापाने तर विषयच बदलला. म्हटलं, एकाने तरी मला सरळ सांगावं."

भाचीने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

आत्याने कागद तिच्या हातात परत दिला, उशीला पाठ टेकली आणि आपल्या त्या जुन्या, स्वच्छ आवाजात म्हणाली,

"लाइन जोडली आहे. बोला."