एकेरी

“अगं, स्वल्प बाजूला हो की. सावली पडते होडीवर.”

ब्रश दातांत धरून पिराजीरावांनी लेकीला कोपरानेच सरकवलं. राजाजीनगरातल्या त्यांच्या गच्चीवर शनिवारचं ऊन तापलं होतं आणि कस्तुरीला फोटो त्याच उन्हात हवा होता. चित्रात येलहंक्याच्या तळ्याकाठची एक लाकडी होडी होती. साखळीने बांधलेली, तळाला भोक पडलेली. ती रंगवायला कस्तुरीचे अण्णा चौदा दिवस पहाटेच्या पहिल्या बसने येलहंक्याला गेले होते.

“फोटो कशाला पण? बघायचंय त्यांना फुटपाथवर या म्हणावं.”

“फोटो बघूनच येतात हो लोक, अण्णा. मागच्या रविवारी तो देवनहळ्ळीचा माणूस आला, तो काय रंगाचा वास घेत आला?”

“बाप-लेक खाली उतरताय का?” जिन्यातून आईचा, पद्मावतीबाईंचा, आवाज आला. “का त्या होडीलाच वाढू सारु-भात?”

“वाढ की,” अण्णा म्हणाले. “घरात तीच एक गप्प जेवेल.”

कस्तुरी हसली आणि तिने फोटो जसाच्या तसा नेटवर टाकून दिला. पूर्ण मोठा, बोट लावलं तर रंगाचा थर दिसेल असा.

अण्णांनी तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले होते. फ्लेक्स आला आणि ती अक्षरं महिन्याभरात भिंतींवरून उतरली. तेव्हा त्यांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. कॅनव्हास आणला आणि रविवारी उद्यानाच्या कुंपणाला चित्रं टांगून विकायला लागले. माणूसच तसा. कस्तुरी दहा वर्षांची असताना एका दुकानदाराने बोर्डावरच्या एका वेलांटीवरून त्यांच्या थोबाडीत मारली होती. अण्णांनी वेलांटी दुरुस्त केली, ब्रश धुतले आणि तिचा हात धरून ते घरी आले. रस्ताभर तिने तो हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला होता. नंतर ती शिकली, नोकरीला लागली, तिने खूप वाचलं. त्या दुपारचा राग मात्र आतून गेला नाही. तो दुकानदारावर होता की अण्णांवर, हे तिने कधी तपासून पाहिलं नाही.

रविवारी कुंपणाच्या पार टोकाला एक नवा मांडव लागला होता. कस्तुरी चहा आणायला म्हणून तिकडे गेली आणि थबकली. लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर ओळीने सात होड्या टांगल्या होत्या. तेच भोक, तीच साखळी, कोपऱ्यात अण्णांची सहीसुद्धा, जरा फिस्कटलेली. मशीनवर छापलेल्या.

मांडववाल्याचं नाव विराट. दंड भरलेला, तोंडात पान. ती कन्नडातच भांडली. घरात मराठी आणि रस्त्यावर कन्नड, हीच त्यांच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती.

“तूच टाकलंस ना नेटवर?” विराट म्हणाला. “टाकलंस म्हणजे वाटलंस. म्हाताऱ्याला सांग, एक घेऊन जा. फुकट. सही त्याचीच आहे.”

आजूबाजूचे हसले. कस्तुरीने एक होडी ओरबाडून खाली पाडली. विराटने तिचं मनगट पिरगाळलं आणि तिला कुंपणावर ढकललं. गजावर तोंड आपटलं, ओठ फाटला. तोंडात रक्ताची खारट चव आली.

एवढ्यात अण्णा आले. मूळ चित्र छातीशी धरून आले. त्यांना वाटलं, खरं आणि छापलेलं शेजारी शेजारी धरलं की माणसाला आपोआप कळेल. “हे बघा,” ते विराटला म्हणाले, “इथे हात लावून बघा. थर लागतो की नाही?”

विराटने हात लावला. मूठ करून, आरपार. कॅनव्हास फाटल्याचा आवाज झाला, नवं धोतर टराटरा फाडावं तसा. अण्णा त्या भोकाकडे बघत उभे राहिले. उभेच राहिले.

“अण्णा, होडी!” कस्तुरी किंचाळली.

पुढचं सगळं मिनिटाच्या आत झालं. अण्णांनी चौकट दोन्ही हातांनी उचलली आणि तिचा लाकडी कोपरा विराटच्या कानशिलावर घातला. कान चिरला. विराटने मांडवाची नळी उपसली. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडल्याचं सगळ्यांनी ऐकलं. दुसरा डोक्यावर बसला. अण्णा पडले ते फुटपाथच्या दगडी कडेवर. फाटलेली होडी त्यांच्याखाली आली आणि तिच्या तळातून रक्त वर आलं.

तिसऱ्या दिवशी ते गेले.

कुणीतरी मोबाइलवर घेतलेली चित्रफीत गावभर फिरली. तिच्यात मध्ये माणसं आली होती. अण्णा मारताहेत की चौकट हिसकावून घेताहेत, ते नीट दिसत नव्हतं. तिची किंकाळी तेवढी स्पष्ट होती. ‘चित्र वाचवताना चित्रकाराचा मृत्यू,’ असं लोकांनी खाली लिहिलं.

“तो विराट म्हणतो, मुलीने मारायला सांगितलं, म्हाताऱ्याने आधी हात उचलला,” जबाब घेताना फौजदारबाई धनलक्ष्मी म्हणाल्या. कन्नडात होडी म्हणजे मार. ‘हो’ तोकडा, मराठीतला लांब, एवढाच फरक. पण किंकाळीत ऱ्हस्व-दीर्घ कोण मोजतं? “मी त्याला म्हटलं, गाढवा, बापाला कुणी ‘होडी’ म्हणेल का? ‘होडीरी’ म्हणेल. मान देऊन. तुम्ही मराठी लोक बोटीला होडी म्हणता ना? तेच ओरडलीस ना तू? चित्र सांभाळा म्हणून?”

कस्तुरीने जन्मात अण्णांना एकेरीत हाक मारली नव्हती. ते साऱ्या आळीला माहीत होतं.

तिने मान डोलावली. बाईंनी ते लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी अमृता नावाची बाई घरी आली. मूळची पुण्याची, इथे चित्रांचं दालन चालवणारी. तिला पोलिसांकडून परत आलेली ती होडी प्रदर्शनात लावायची होती. फाटलेली, डागांसकट.

“काकू, ही रिपेअर अजिबात करायची नाही हं. ॲज इट इज. लोक रडतात हो ती स्टोरी ऐकून. एक माणूस आपल्या कलेसाठी...”

पद्मावतीबाई पाटावर बसून नारळ सोलत होत्या. त्या उठल्या. हातात कोयता तसाच होता.

“कलेसाठी,” त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकलेल्या होडीवर त्यांनी कोयता घातला.

पहिल्या घावात कॅनव्हास उभा चिरला. दुसऱ्यात चौकट मोडली. अमृता ओरडून दारापर्यंत मागे सरली. कस्तुरी धावली, मधे पडली, आणि तिसरा घाव तिच्या तळहाताला चाटून गेला.

“सोड मला! बेचाळीस वर्षं भात वाढला मी त्या माणसाला. एकदा मागे वळून बघितलं त्याने? पद्मा एकटी पडेल, असं आलं मनात? फळकुटासाठी गेला! भोक पडलेल्या होडीसाठी!”

त्याही आज नवऱ्याबद्दल एकेरीत बोलत होत्या. कस्तुरीने ते ऐकलं. आईच्या तोंडून हे असंच येत राहणार होतं, मरेपर्यंत. अण्णांनी पद्मावतीबाईंना टाकलं आणि कॅनव्हास धरला, असंच. आणि खरं सांगितलं तर ते गाढव विराट सुटेल, निदान अर्धं सुटेल. तळहातातून रक्त ठिबकत होतं. अमृता दारात पदराने तोंड दाबून उभी होती; तिच्यासमोर बोललं की ते गावभर होणार, हेही कस्तुरीला दिसत होतं.

तिने कोयत्याचं पातं दुसऱ्या हाताने धरलं आणि खाली केलं.

“आई, अण्णांनी चित्र मनातून केव्हाच सोडलं होतं. ते नुसते उभे होते. परत घरी आले असते ते, नेहमीसारखे. मी बोटीला नाही ओरडले. मी कन्नडात ओरडले. एकेरीत. मार म्हणाले मी त्यांना.”

पद्मावतीबाईंनी कोयत्याची मूठ सोडली.

“त्यांनी माझ्याकडे बघितलं, आई. विचारल्यासारखं. आणि मी परत म्हणाले.”