बाखच्या बाजूने निकाल

जुने मित्र बद्रीनाथ वारल्यापासून छावणी मोहल्ल्यात शफीक सरांशी भांडायला कोणी उरले नव्हते. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या मते सर्वांत थोर संगीतकार बाख, कारण त्याच्या रचनेतला एकही स्वर हलवता येत नाही. बद्रीनाथांच्या मते मोत्झार्ट, कारण तो चहा करतानाही गुणगुणता येतो.

अखेर सरांनी तो जुना वाद चाचणीवर सोपवला. भाची खुशनुमाने दोन्ही संगीतकारांच्या अनोळखी रचना नावे लपवून ऐकवल्या आणि सरांनी डोळे मिटून गुण दिले.

“मामू, बाखच! मुबारक हो, जिंकलात.”

सरांना आनंद झाला नाही. “आता तू म्हण, मोत्झार्टच थोर. जरा तावातावानं म्हण.”

“मोत्झार्टच थोर!” खुशनुमा म्हणाली.

तिच्या स्वरात मामूंविषयी माया होती. मतभेद औषधालाही नव्हता.