वरची कडी

चूक आजोबांची होती. हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात त्यांच्या तोंडावर ते कोणी बोललेलं नाही आणि बोलणारही नाही. मला कोणाची भीडभाड नाही.

मी दाराची कडी बोलतेय. पोलादी, वीतभर लांब, सरकवायची. दाराला हाताच्या उंचीवर एक नेहमीची कडी होती, ती 'खालची'. मी पार वर, चौकटीच्या कोपऱ्याशी. म्हणून मी 'वरची'.

माझ्या जन्मात सांगण्यासारखं काही नाही. पत्रा कापला, वाकवला, झिलई दिली, खोक्यात टाकलं. माझ्यासारख्या हजारो निघाल्या. आठवतं ते दुकान. तिथं भिंतीवर एक फळी होती आणि तिच्यावर कड्या, बिजागऱ्या, मुठी नमुन्यासाठी ठोकलेल्या. गिऱ्हाइकानं हलवून बघायचं आणि सांगायचं, असली द्या. मी त्या फळीवर होते. मला सगळे हात लावायचे आणि विकत दुसरीलाच न्यायचे.

एक दिवस दोघे भाऊ आले. थोरला कॉलेजातला, त्याला घरात दादा म्हणतात. धाकटा आठ-नऊ वर्षांचा. तो बोलत नाही, पण सतत नाकातून एक सूर लावून असतो, म्हणून त्याचं नाव पडलं भुंगा. भुंग्याला ऑटिझम आहे. हा शब्द मी पुढे घरात रोज ऐकला. आजोबांच्या तोंडून एकदाही नाही.

भुंगा थेट फळीशी गेला. एकेक कडी सरकवायची, टक्. मागं घ्यायची, टक्. माझ्यापाशी आला आणि थांबला. कान लावून ऐकू लागला. दादा म्हणाला, "काका, हीच द्या."

"अरे, नमुन्याची आहे ती. आत नवीकोरी देतो ना."

"नको. नवीचा आवाज वेगळा निघाला तर रात्रभर घर डोक्यावर घेईल."

दुकानदार हसला. "घे बाबा. नमुना विकायची पाळी आणलीत तुम्ही." त्यानं मला फळीवरून सोडवलं.

मला आणायचं कारण साधं होतं. भुंगा घरातून निघून जायचा. खालची कडी त्याला सहज निघे. रस्त्यावर गाडी समोर आली तरी तो थांबत नाही, हाक मारली तरी वळत नाही. दादानं स्टुलावर चढून स्वतःच्या हातानं मला बसवलं आणि आईला म्हणाला, "आता मी कॉलेजात असताना तू निदान दार लावून आंघोळ करशील." आई पदराला हात पुसत नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेव्हापासून या घरात एकच प्रश्न दिवसभर फिरायचा. "वरची लावलीस का?" बाबा ऑफिसला निघाले, वरची लावलीस का. आई गॅसपाशी गेली, वरची लावलीस का. माझ्यामुळे दादाचं कॉलेज चालू होतं. आईचे हात माझ्यापर्यंत टाचा उंचावून यायचे. बाबांचे सहज. आजोबांचा हात कधी आला नाही. त्यांचा खांदा दुखायचा, फक्त माझ्या वेळेला. पंख्यावरचं जळमट त्याच हातानं निघायचं.

दारावर राहिलं की माणसं कळतात. आत सोफ्यावर बसून सगळे गोड बोलतात. खरं बोलतात ते निघताना, चपला घालताना. "आईनंच लाडावून ठेवलंय." "दुसरा जन्माला घालायच्या आधी विचार करायचा." एक मावशी म्हणाली, "दोन थोबाडीत द्या, आठवड्यात बोलायला लागेल." आई हसून "सावकाश जा हं" म्हणाली, मला सरकवलं आणि दाराला कपाळ टेकून उभी राहिली.

भुंग्याचं बाहेर जाणं म्हणजे सोपं काम नव्हे. मोज्याची शिवण बोटाला लागली की मोजा भिरकावायचा. डावा बूट आधी. उजवा आधी घातला तर सगळं पहिल्यापासून. शर्टाच्या मानेमागची चिठ्ठी कापलेली हवी. तो पांढरंच खातो, भात आणि पावाचा आतला भाग. केस कापायला दोघं धरायला लागतात, नखं झोपेत कापतात. यात कौतुक काही नाही आणि रडण्यासारखंही काही नाही. रोजचं आहे.

संध्याकाळी दादा घरी आला की भुंग्याला कडेवर उचलायचा. एवढा मोठा मुलगा, पाय गुडघ्यापर्यंत लोंबायचे. "चल भुंग्या, टक् करू." भुंगा मला सरकवायचा, मागं घ्यायचा, पुन्हा सरकवायचा. त्याचा सूर तेव्हा वर चढायचा. मग दोघे फिरायला जायचे. मला विचाराल तर त्या घरात हसण्याचा आवाज तेवढाच होता.

आजोबा मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या ऑफिसातले जुने मित्र जेवायला येणार होते. आठवडाभर आधीपासून त्यांची नजर माझ्यावर.

"ही काय अवदसा दारावर! बघणाऱ्याला वाटेल घरात वेडा कोंडलाय."

"बाबा, भुंग्यासाठी आहे ती," आई आजोबांना म्हणाली.

"मला शिकवू नकोस. आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं."

भुंग्याचे बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मित्र येणार त्याच दिवशी दादाचा शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा पेपर होता. तो मला लावायला सांगून गेला. तो वळणापलीकडे गेल्यावर आजोबांनी सुताराला बोलावलं. त्याला बहुतेक आधीच सांगून ठेवलं असावं, कारण तो लाकडात भरायची लांबी आणि रंगाचा डबा घेऊनच आला. मला काढलं, भोकं बुजवली, वरून रंग मारला. मी कधी तिथं नव्हतेच. आई म्हणाली, "निदान दादा परत येईपर्यंत तरी राहू द्या." आजोबा म्हणाले, "घरात एवढी माणसं आहेत. एक पोर सांभाळता येत नाही?" आणि मला कोटाच्या खिशात टाकलं.

पुढचं मी खिशातून ऐकलं.

मित्र आले. जुन्या बदल्या, जुने साहेब, कोणाची कशी जिरवली. कुणीतरी विचारलं, "धाकटा नातू दिसत नाही?" आजोबा म्हणाले, "लाजाळू आहे जरा." सगळे हसले. आई स्वयंपाकघरात वाढायच्या तयारीत. बाबा बर्फ आणायला खाली गेलेले. खालची कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज मला चांगला ओळखता येतो. आजोबांनीही ऐकला असणार, ते दाराशेजारच्याच खुर्चीत होते. पण त्यांचा किस्सा रंगात आला होता.

आईची किंकाळी त्यानंतर बऱ्याच वेळानं आली.

तिनं दादाच्या कॉलेजात फोन लावला. शिपायानं त्याला पेपरातून उठवून बाहेर आणलं. दादानं एकच विचारलं म्हणे, "वरची कुठंय?" आई म्हणाली, "आजोबांनी काढली." तो पेपर टाकून निघाला, आणि घरी आलाच नाही, सरळ त्या दुकानाकडे गेला. त्याला कळलं होतं. दारावरचा टक् गेला, म्हणजे भुंगा टक् शोधायला गेला असणार.

फोन ठेवताना तो दुकानाचं बोलला होता, आईनं आजोबांनाही तिकडेच धाडलं. म्हणून मीही तिथं पोचले.

दुकानदार जेवायला घरी गेला होता. गल्ल्यावर नवा नोकर. भुंगा फळीपाशी उभा राहून कड्या ओढत होता. नोकरानं नाव विचारलं, उत्तर नाही. घर विचारलं, उत्तर नाही. हात धरला तर चावला. आता नोकर दादाला सांगत होता, "काय करू मग? रस्त्यावर सोडू? गाड्या बघताय ना? म्हणून मागच्या खोलीत ठेवला आणि बाहेरनं कडी घातली. मारलं नाही हो, शपथ." तो खोटं बोलत नव्हता. भुंगा आत होता म्हणून जिवंत होता.

नोकरानं कडी काढली. टक्. माझ्यासारखाच आवाज.

आत अंधार. भुंगा रंगाच्या डब्यांमध्ये बसलेला. चड्डी ओली. स्वतःच्या मनगटाचा लचका तोडलेला. नाकातला सूर बंद. दादानं त्याला उचललं, तेव्हा तो दादालाही चावला.

घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "सापडला ना? मग झालं. एवढं काय त्यात."

दादा म्हणाला, "कडी द्या."

"कुठली कडी?"

"खिशातली."

त्याच संध्याकाळी त्यानं नवी भोकं पाडून मला पुन्हा बसवलं. दांडा सरकवला. टक्. आतल्या खोलीतून भुंगा असा ओरडला की शेजारी दार उघडून बाहेर आले. तो टेबलाखाली शिरला आणि बांधलेलं मनगट पुन्हा चावू लागला. दुसऱ्या दिवशी तेल घातलं. मग कापड गुंडाळलं. आवाज गेला, पण कोणाचा हात दाराच्या वरच्या कोपऱ्याकडे गेला की भुंगा सुरू. कुलूप आणलं, तेच. चौथ्या दिवशी दादानं मला काढलं. यावेळी भोकं कोणी बुजवली नाहीत.

बुडालेला पेपर पुन्हा देता येत होता. दादा एकदा त्याचा फॉर्म भरायला गेलाही. आजोबा म्हणाले होते, "मी बसतो दारात." तो परत आला तेव्हा दार सताड उघडं, आजोबा खुर्चीत तोंडावर पेपर घेऊन घोरतायत आणि भुंगा जिन्यातल्या शेवटच्या पायरीवर, पुढे रस्ता. दादानं त्याला वर आणलं. आजोबांना उठवून त्यांची खुर्ची मागून घेतली. तेव्हापासून तिच्यावर तो बसतो.

मी आता बुटांच्या कपाटातल्या खणात आहे, जुने सेल आणि तुटकी किल्ली यांच्यासोबत. मला परत लावा असं मी म्हणणार नाही. खण उघडला की दादा दिसतो, पाठ दाराला लावून बसलेला. माझं काम तो करतो. भुंगा त्याच्या पायाशी. त्याला कोणी कडेवर घेत नाही, तो घेऊ देत नाही. सूर अजून आलेला नाही.

काल कोणीतरी निघताना, चपला घालत विचारलं, "थोरला काय करतो हल्ली?"

आजोबा म्हणाले, "काही नाही. अभ्यासात लक्षच नव्हतं त्याचं कधी."

दादा तिथंच बसला होता. पाहुण्याला बाहेर पडता यावं म्हणून उठला, खुर्ची बाजूला केली, आणि दार लागल्यावर पुन्हा बसला.

त्याचं शेवटचं वर्ष होतं. ते राहिलं.